नाही म्हणण्याचा अधिकार : प्रशांत बेटांवरचे मांस, जकात आणि लठ्ठपणाविषयीचे लेखन

सामोआ या प्रशांत महासागरातल्या बेटदेशाने २००७ साली टर्कीच्या शेपटीच्या आयातीवर बंदी घातली. टर्की हा कोंबडीच्या जातकुळीतला, पण आकाराने बराच मोठा पक्षी. त्याच्या शेपटीची पिसे ज्या मांसल बुंध्यात रुतलेली असतात, तो भाग अमेरिकेत फारसा खाल्ला जात नाही. पक्षी साफ करताना तो कापून बाजूला टाकतात. त्यात मांस थोडे आणि चरबी फार. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत हा तुकडा गोठवून बेटांवर विकला जाऊ लागला आणि सामोआत ‘मुली पिपी’ या नावाने घरोघरच्या जेवणात रुळला. स्वस्त, चविष्ट, पोटभरीचा. देशातल्या वाढत्या मधुमेहाकडे आणि हृदयविकाराकडे पाहून सरकारने तो देशात येणे थांबवले.

चार वर्षांनी, १७ डिसेंबर २०११ रोजी, जिनिव्हातल्या मंत्रिपरिषदेत जागतिक व्यापार संघटनेने सामोआच्या प्रवेशाला मंजुरी दिली. अर्ज १९९८ सालचा होता. तेरा वर्षांच्या वाटाघाटींत या दोन लाख लोकवस्तीच्या देशाने जी आश्वासने दिली, त्यांत एक टर्कीच्या शेपटीविषयी होते. सभासद झाल्यापासून एका वर्षात बंदी उठवायची, पुढचा दोन वर्षांचा काळ संक्रमणाचा मानून ३०० टक्के आयातशुल्क लावायचे आणि त्यानंतर ते १०० टक्क्यांवर आणायचे किंवा दुसरी करव्यवस्था शोधायची. मे २०१२ मध्ये सामोआ रीतसर सभासद झाला आणि घड्याळ सुरू झाले.

ही गोष्ट ऐकायला गमतीची वाटते, आणि तिच्यातली गंभीर बाब इथेच निसटते. जगातल्या सर्वाधिक लठ्ठ देशांची यादी दरवर्षी कुठे ना कुठे छापली जाते. २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या जागतिक अभ्यासातही स्त्रियांच्या बाबतीत टोंगा आणि अमेरिकन सामोआ, तर पुरुषांच्या बाबतीत अमेरिकन सामोआ आणि नाउरू सर्वांत वर आहेत. तिथे साठ टक्क्यांहून अधिक प्रौढ लठ्ठ या वर्गात मोडतात. आकडे खरे आहेत. पण त्यांच्याभोवती गेली साठ वर्षे जे लेखन उभे राहिले आहे, त्याची चिकित्सा फारशी होत नाही. वैद्यकाने या शरीरांविषयी एक गोष्ट सांगितली, मानववंशशास्त्राने दुसरी, व्यापारकायद्याने तिसरी आणि बेटांवरच्या लेखकांनी चौथी. या चारही प्रकारच्या लेखनाला प्रस्तुत लेखात एकच प्रश्न विचारायचा आहे : तुमच्या गोष्टीत ‘नाही’ कोण म्हणू शकतो?

काटकसरी जनुकाची गोष्ट

सुरुवात वैद्यकापासून करू. अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी १९६२ साली ‘काटकसरी’ जनुकाची कल्पना मांडली. उपासमारीच्या काळात चरबी साठवून ठेवणारी शरीरे तगली, तोच गुण मुबलकतेच्या काळात मधुमेहाचे कारण ठरला, असा तिचा आशय. नील यांच्या निबंधाच्या शीर्षकातच ‘प्रगती’ हा शब्द अवतरणचिन्हात होता आणि शेवटी प्रश्नचिन्ह होते. म्हणजे लेखकाच्या मनात शंका होती. पुढे ही शंका गळून पडली. १९७० च्या दशकाच्या मध्यात नाउरूत झालेल्या पाहणीत सुमारे एकतृतीयांश प्रौढांना मधुमेह असल्याचे दिसले आणि हे २१ चौरस किलोमीटरचे बेट काटकसरी जनुकाचे जणू ठरलेले उदाहरण बनले. लांबच्या समुद्रप्रवासात जे जाड होते तेच वाचले, त्यांचे वंशज आज आजारी आहेत, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतून आणि वृत्तपत्रांतून सारखी सांगितली गेली.

जनुकांचा भाग अगदीच खोटा नाही. २०१६ साली सामोआतील लोकांच्या अभ्यासात एक जनुकभेद सापडला. तो इतरत्र अत्यंत विरळ आहे आणि सामोआत बऱ्याच जणांत आढळतो. त्याचा वाढत्या वजनाशी संबंध दिसतो. पण त्याच अभ्यासात असेही दिसले की, हा भेद असलेल्यांना मधुमेहाचा धोका उलट कमी असतो. निसर्ग या विषयावर इतक्या सोप्या गोष्टी सांगत नाही.

मुख्य अडचण वेगळी आहे. जनुके हजारो वर्षांची असतात आणि ही वजने दोन-तीन पिढ्यांत वाढली. मधल्या काळात काय घडले? नाउरूतल्या फॉस्फेटचे खाणकाम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झाले. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून नेमलेल्या आयोगाकडे ते गेले. १९६८ साली देश स्वतंत्र झाला, त्यानंतर खाणीही त्याच्या ताब्यात आल्या आणि काही वर्षे माणशी उत्पन्नात तो जगातल्या श्रीमंतांत गणला गेला. तोवर बेटाचा मधला बहुतेक भाग खरवडून निघाला होता. लागवडीजोगी उरली ती किनाऱ्यालगतची चिंचोळी पट्टी. पैसा होता, जमीन नव्हती. त्यामुळे तांदूळ, पीठ, साखर, डबे, गोठवलेले मांस, सगळेच जहाजातून येऊ लागले. वैद्यकाच्या गोष्टीत हे जहाज दिसत नाही. तिच्यात शरीर आहे, पूर्वज आहेत आणि ‘आधुनिक आहार’ नावाचे हवामान आहे. ते कुठून तरी आले आणि पसरले. हवामानाला कोणी नाही म्हणत नसते.

आपल्याकडच्या आरोग्यविषयक लेखनातही हीच खोड वेगळ्या शब्दांत आढळते. ‘जिभेचे चोचले’, ‘तोंडावर ताबा नाही’ असे वाक्प्रचार आपण सहज वापरतो. दोष जिभेचा, मनाचा, फार तर जनुकाचा. ताटात वस्तू कुठल्या रस्त्याने आली हे विचारण्याची सोय या भाषेत नाही.

गवत, मेंढी आणि पोटाकडचा पट्टा

हा रस्ता शोधण्याचे काम डेबोरा गेवर्ट्झ आणि फ्रेडरिक एरिंग्टन या मानववंशशास्त्रज्ञांनी केले. ‘चीप मीट : फ्लॅप फूड नेशन्स इन द पॅसिफिक आयलंड्स’ हे त्यांचे २०१० सालचे पुस्तक एकाच वस्तूचा माग काढते. ती वस्तू म्हणजे मेंढीच्या बरगड्यांखालचा, पोटाकडचा चरबीदार पट्टा. तो न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातून निघतो आणि पापुआ न्यू गिनी, फिजी आणि टोंगा इथे पोचतो. पुस्तकाचे बळ या एका वस्तूला धरून राहण्यात आहे. लेखक कत्तलखान्यात जातात, व्यापाऱ्यांशी बोलतात, बाजारात आणि स्वयंपाकघरात जातात. ‘जागतिकीकरण’ हा शब्द एरवी जे धूसर करून टाकतो ते इथे गोठवलेल्या खोक्याएवढे ठोस होते.

हा पट्टा स्वतंत्र वस्तू कशी झाली, हे समजले तर पुढचे बरेच उलगडते. १८८२ साली ‘डनेडिन’ हे जहाज न्यूझीलंडमधून गोठवलेले मांस घेऊन इंग्लंडला गेले आणि तिथून या व्यापाराला सुरुवात झाली. अनेक दशके आख्खी मेंढी जात असे. पुढे ती इकडेच कापून हवे तेवढेच भाग पाठवण्याची पद्धत आली. १९७३ साली ब्रिटन युरोपीय समूहात सामील झाले आणि न्यूझीलंडला नव्या बाजारपेठा शोधणे भाग पडले. मांडी आणि चाप श्रीमंत देशांत जातात. मागे उरलेल्या पट्ट्याला गिऱ्हाईक लागते. ते जितके जवळ आणि जितके गरीब, तितका व्यवहार जुळतो.

पुस्तकात ज्यावर भर नाही, अशी एक गोष्ट इथे जोडायला हवी. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातली हिरवी कुरणे बेटांवरच्या खतावर वाढली. नाउरू आणि बनाबा या बेटांचे फॉस्फेट अनेक दशके तिकडच्या शेतांत आणि कुरणांत पडत होते. बनाबाच्या रहिवाशांना तर १९४५ मध्ये फिजीतल्या राबी बेटावर नेऊन वसवण्यात आले. बेटाची माती गवत झाली, गवताची मेंढी झाली, मेंढीचा चांगला भाग दूर गेला आणि पोटाचा पट्टा बेटांकडे परत आला. समुद्रातही असेच घडते. टुनासाठी प्रसिद्ध असलेल्या या पाण्यात परदेशी जहाजे परवाना-शुल्क भरून मासेमारी करतात आणि त्याच बेटांवरच्या दुकानांत डबाबंद मासळीच्या रांगा लागलेल्या असतात. आहार ‘आधुनिक’ झाला असे आपण म्हणतो, तेव्हा या देवघेवीचा हिशेब बाजूला राहतो.

गेवर्ट्झ आणि एरिंग्टन यांची प्रामाणिक बाजू अशी की, ते खाणाऱ्याला बिचारा ठरवत नाहीत. पट्टा लोकांना आवडतो. तो स्वस्त आहे, त्याला चव आहे आणि पाहुण्याला मांस वाढता येते याचे समाधान आहे. बंदी घातली तर पहिला फटका गरीब घराला बसतो, हेही ते नोंदवतात. सामोआतल्या डबाबंद गोमांसाची गोष्ट याच्याशी ताडून पाहावी. तिथे त्याला ‘पिसुपो’ म्हणतात. लग्न आणि अंत्यविधीच्या देवाणघेवाणीत त्या डब्यांना मान आहे. मिशेल टफरी या न्यूझीलंडच्या कलावंताने १९९४ साली अशा डब्यांच्या पत्र्यातून एक बैल उभा केला. त्या बैलाकडे पाहताना उपहास कुठे संपतो आणि जिव्हाळा कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही. ‘चीप मीट’मध्येही अशी संदिग्धता आहे आणि ती पुस्तकाच्या बाजूची आहे.

पण संदिग्धतेलाही मर्यादा असते. पट्टा न खाणे हा प्रश्न घरातल्या माणसाला सोडवता येत नाही, हे पुस्तक दाखवते. मग तो कोणी सोडवायचा, इथे मात्र ते मागे सरते. व्यापारी म्हणतो, मागणी आहे म्हणून पुरवतो. खाणारा म्हणतो, परवडते म्हणून घेतो. लेखक दोघांचेही ऐकून घेतात. तिसरा आवाज राज्याचा. फिजीत तो बोलला, टोंगात अडखळला. दोन्हींची नोंद पुस्तकात असली तरी राज्याला ‘नाही’ म्हणण्याची ताकद कुठून येते आणि कुठे काढून घेतली जाते, हा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी येत नाही. पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा सामोआचा करार व्हायचा होता. आज ते वाचताना या करारातले कलम शेजारी ठेवूनच वाचावे लागते.

अपवादाचे कलम

तिसरे लेखन व्यापारकायद्याचे. त्याची समीक्षा साहित्याच्या अंकात कशाला, असे कोणी विचारेल. पण हेही लेखनच आहे. त्यालाही निवेदक आहे, गृहीतके आहेत आणि काही पात्रांना बोलू न देण्याची पद्धत आहे.

१९४७ च्या गॅट कराराच्या विसाव्या कलमात माणसांच्या, प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या जीविताच्या व आरोग्याच्या रक्षणासाठी ‘आवश्यक’ असलेल्या उपायांना मुभा आहे. कागदावर सामोआची बंदी यात बसायला हरकत नव्हती. पण सगळा भार ‘आवश्यक’ या विशेषणावर आहे. १९९० साली थायलंडने परदेशी सिगारेटींवर घातलेल्या निर्बंधाचा वाद याच कलमाखाली आला. आरोग्य महत्त्वाचे हे मान्य करूनही निर्णय थायलंडच्या विरोधात गेला. जाहिरातबंदी, वेष्टनावरची माहिती असे व्यापाराला कमी अडवणारे मार्ग उपलब्ध असताना आयात रोखणे आवश्यक नाही, असे त्याचे कारण होते. थोडक्यात, दुसरा काहीच इलाज उरला नाही हे नाही म्हणणाऱ्यानेच सिद्ध करायचे.

या तर्काची दुसरी बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सामोआची बंदी निर्दोष नव्हती. टर्कीची शेपटी थांबली, पण मेंढीचा पट्टा आणि डबाबंद गोमांस त्याच दुकानांत मिळत राहिले. एका देशाचा माल अडवायचा आणि दुसऱ्याचा तसाच माल येऊ द्यायचा, याला व्यापारकायदा भेदभाव म्हणतो आणि त्यात तथ्य आहे. फिजीने २००० साली हे अधिक चतुराईने केले. मेंढीच्या पट्ट्यांच्या आयातीऐवजी विक्रीवरच बंदी घातली, माल कुठलाही असो. न्यूझीलंड नाराज झाले, पण बंदी टिकली. आफ्रिकेतल्या घानाने मांसातल्या चरबीची कमाल मर्यादा ठरवली आणि ती देशी-परदेशी सर्व मांसाला लागू केली. तिथेही टर्कीची शेपटी आपोआप बाहेर पडली. म्हणजे कायद्याच्या चौकटीत नाही म्हणण्याची वाट आहे.

मग ती सगळ्यांना का सापडत नाही? एक कारण कौशल्याचे. अशा वाटा शोधायला व्यापारकायद्याचे वकील लागतात. दोन लाख वस्तीच्या देशात ते किती असणार? खटला हरण्याआधी खटल्याची भीतीच पुरेशी ठरते. दुसरे कारण दाराशी उभे असण्याचे. फिजी संघटनेच्या आत होता. सामोआ बाहेर होता आणि आत येण्यासाठी जुन्या सभासदांची संमती हवी होती. प्रत्येक सभासदाला त्या वेळी अटी पुढे करता येतात. वानुआतूने २००१ साली अगदी शेवटच्या टप्प्यावर प्रवेशाची प्रक्रिया थांबवली आणि २०१२ साली अखेर सभासदत्व घेतले. पॅसर प्लस हा ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आणि बेटदेश यांच्यातला व्यापारकरार २०१७ साली टोंगाच्या राजधानीत झाला, तेव्हा फिजी आणि पापुआ न्यू गिनी हे या भागातले दोन मोठे देश बाहेर राहिले. लहानांना ते जमले नाही. नकार देण्याची ऐपत लागते आणि ती देशांतही सारखी वाटलेली नसते.

कराराच्या अहवालांची भाषा वाचताना जाणवते की, तिच्यात खाणारा माणूस नाही. ‘उत्पादन’, ‘शुल्क-पंक्ती’, ‘संक्रमणकाळ’ ही तिची पात्रे. सामोआच्या मधुमेहाचा उल्लेख येतो तो देशाने केलेल्या विनवणीचा भाग म्हणून, निर्णयाचा आधार म्हणून नाही.

विकासाला नाही म्हणणारा मनू

चौथे लेखन बेटांवरचे. एपेली हाउओफा टोंगन मिशनऱ्यांच्या घरात पापुआ न्यू गिनीत जन्मले, मानववंशशास्त्र शिकले आणि फिजीतल्या सुवाच्या विद्यापीठात शिकवत राहिले. १९८३ च्या ‘टेल्स ऑफ द टिकाँग्ज’मध्ये टिको नावाच्या कल्पित बेटावर तज्ज्ञ, मदतनिधी, मिशनरी आणि विकासयोजना यांची जत्रा भरते. त्यात मनू नावाचे एक पात्र आहे. सारा देश विकासामागे धावत असताना हा एकटा त्याच्याविरुद्ध ओरडत फिरतो. लोक त्याला वेडा समजतात. आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर या पुस्तकात सापडते : इथे ‘नाही’ म्हणणारा आहे, पण तो एकटा आहे आणि हास्यास्पद ठरवला गेला आहे. १९८७ च्या ‘किसेस इन द नेदरएन्ड्स’ या कादंबरीचा नायक गुदद्वाराच्या असह्य दुखण्याने वैदूंपासून आधुनिक तज्ज्ञांपर्यंत सगळ्यांकडे हिंडतो. बेटवासीयाच्या शरीरावर प्रत्येक जण उपाय सुचवतो आणि शरीर मात्र दुखतच राहते. या कादंबरीला अश्लील म्हणून बाजूला ठेवणे सोपे आहे. पण वैद्यक ज्या शरीराकडे आकडा म्हणून पाहते, त्या शरीराचा मालक इथे मोठ्याने बोलतो, रडतो आणि हसतो.

हाउओफांचा १९९३ चा निबंध ‘अवर सी ऑफ आयलंड्स’ या चर्चेला अधिक उपयोगी आहे. प्रशांत बेटांना दूरच्या समुद्रातले लहान लहान ठिपके समजणे ही वसाहतवादी नजर आहे, असे ते म्हणतात. बेटवासीयांच्या लेखी समुद्र हा त्यांच्या जगाचाच भाग होता. त्या जगात देवाणघेवाण होती, नाती होती आणि मोठा विस्तार होता. मदतीवाचून जगू न शकणारे चिमुकले देश ही प्रतिमा या सीमांनी घडवली. व्यापार वाईट आणि परसातले तारो चांगले अशी भाबडी विभागणी त्यामुळे मोडते. तारो म्हणजे आपल्या अळकुडीच्या कुळातला कंद. हा कंद, नीरफणस, नारळ आणि मासे यांवर जगणारी बेटेही एकमेकांशी व्यापार करतच होती. सामोआत तारो हे अन्न होते तसेच निर्यातीचे पीकही. १९९३ साली करप्याने ते उद्ध्वस्त केले, तेव्हा ताट आणि उत्पन्न दोन्ही एकदम गेले आणि दुकानातल्या मालासाठी जागा मोकळी झाली.

तरीही हाउओफांशी इथे थोडा वाद घालावासा वाटतो. ते मनाच्या विस्ताराविषयी बोलतात आणि ते आवश्यकच आहे. पण लहानपण हे केवळ दृष्टीत नसते. जिनिव्हातल्या टेबलावर ते वकिलांच्या संख्येत आणि खटल्याच्या खर्चात मोजले जाते. समुद्र मोठा असला तरी बंदराच्या जकातनाक्यावर लिहिलेला दर दुसऱ्याच्या संमतीने ठरतो. निबंध जिथे थांबतो तिथून सामोआची गोष्ट सुरू होते.

मॉरिशसची तेलाची बाटली

राज्याकडे नाही म्हणण्याची सोय असली तर काय होते, हे पाहायला प्रशांत महासागर सोडून हिंदी महासागरात यावे लागते. मॉरिशसशी मराठी वाचकाचे नाते आहे. गिरमिटिया मजूर म्हणून तिथे जी माणसे गेली, त्यांत मराठी बोलणारी कुटुंबेही होती आणि त्यांचे वंशज आज तिथले नागरिक आहेत. त्या मजुरांचा आहार करारातच लिहिलेला असे : इतका तांदूळ, इतकी डाळ, मीठ, तूप किंवा तेल. बेटावरची चांगली जमीन उसाखाली होती आणि तांदूळ बाहेरून येत असे. जेवण वाटाघाटीच्या कागदावर ठरते, ही गोष्ट या लोकांना जागतिक व्यापार संघटनेच्या दीडशे वर्षे आधीपासून माहीत आहे.

स्वतंत्र मॉरिशसचा ऊस युरोपने दिलेल्या हमीभावावर वाढला. १९७५ च्या लोमे करारातल्या साखरविषयक तरतुदीने ठरावीक कोटा आणि चढा भाव मिळाला. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी युरोपच्या साखरधोरणाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. त्यानंतरच्या बदलांत युरोपातला भाव ३६ टक्क्यांनी खाली आला आणि २००९ साली ती तरतूदच संपली. इथेही निर्णय बेटाबाहेर झाला.

स्वयंपाकाच्या तेलाचा निर्णय मात्र बेटावर झाला. १९८७ च्या आरोग्यपाहणीत मधुमेह आणि हृदयविकाराचे चित्र गंभीर दिसले. घराघरात वापरले जाणारे स्वस्त रेशनचे तेल तेव्हा मुख्यतः पाम तेल होते. सरकारने ते बदलून सोयाबीनचे केले. आयातीवर आणि किमतीवर सरकारचा हात होता, त्यामुळे हे एका आदेशासरशी शक्य झाले. कोणाला उपदेश करावा लागला नाही, कोणाच्या जिभेला दोष द्यावा लागला नाही. पाच वर्षांनी पुन्हा पाहणी झाली, तेव्हा लोकसंख्येचे सरासरी कोलेस्टेरॉल सुमारे १५ टक्क्यांनी उतरलेले आढळले. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात अशी उदाहरणे मोजकी आहेत.

पण त्याच पाच वर्षांत लोकांची वजने वाढली आणि मधुमेह हटला नाही. हा तपशील गाळून मॉरिशसची यशोगाथा सांगणे खोटेपणाचे होईल. एका वस्तूला दिलेला नकार एका वस्तूपुरताच चालतो. साखर, मैदा, शीतपेये आणि बसून करायची कामे यांना त्या आदेशाने काही केले नाही. २०१३ पासून तिथे शीतपेयांवर त्यांतल्या साखरेच्या ग्रॅमनुसार कर आहे. नकार एकदा देऊन भागत नाही. तो वस्तूमागून वस्तूला द्यावा लागतो आणि प्रत्येक वेळी देता येईल अशी व्यवस्था हाताशी असावी लागते.

कराचा नकार

प्रशांत बेटांवर आता हीच व्यवस्था कराच्या रूपाने उभी राहते आहे. नाउरूने २००७ साली साखर, गोड पदार्थ आणि शीतपेयांवर ३० टक्के अधिभार लावला. टोंगाने २०१६ साली मेंढीचे पट्टे, टर्कीची शेपटी आणि झटपट नूडल्स यांवर अबकारी कर बसवला. देशी-परदेशी असा भेद नसलेला कर व्यापारनियमांत बसतो, म्हणून तो निवडला जातो. आरोग्यतज्ज्ञ त्याचे स्वागत करतात आणि त्यात चूक नाही.

तरी बंदी आणि कर यांतला फरक नजरेआड होऊ नये. बंदी सगळ्यांना लागू होते. करामुळे वस्तू बाजारातच राहते आणि ज्याला परवडत नाही त्याच्याच हातातून सुटते. ज्याचे चुलत भाऊ ऑकलंडमध्ये कमावतात आणि घरी पैसे पाठवतात, त्याच्या पानात पट्टा पडतच राहतो. एका समाजाने मिळून दिलेला नकार अशा रीतीने घराघराच्या ऐपतीचा प्रश्न होतो. जिनिव्हात सामोआने जे गमावले ते हे. शेपटीवरचे शुल्क किती, हा मुद्दा त्यामानाने लहान आहे.

या विषयावरच्या लेखनाचे मोल ठरवताना म्हणूनच एक साधी कसोटी वापरता येईल. लठ्ठ देशांविषयी मजकूर समोर आला की त्यात बंदर आहे का, जकात आहे का, वाटाघाटींच्या खोलीत बसलेली माणसे आहेत का, हे पाहावे. वैद्यकाच्या गोष्टीत ती नाहीत. ‘चीप मीट’मध्ये बंदर आहे, खोली अंधुक दिसते. कराराच्या भाषेत खोली आहे, पण जेवणारा नाही. हाउओफांच्या कथांत जेवणारा आहे, त्याचे दुखणे आहे आणि मनूचा आवाजही आहे, फक्त तो ऐकणारे कोणी नाही. हे चारही तुकडे एकत्र ठेवून लिहिलेले पुस्तक अजून लिहायचे आहे. ते लिहिणारा बहुधा त्या बेटांवरचाच असेल आणि टर्कीच्या शेपटीची चव त्याला आमच्यापेक्षा नीट माहीत असेल.